बावचीचं चूर्ण लावण्याआधी उन्हाचं गणित समजून घ्या

काष्ठौषधींच्या दुकानात बावची मागितली की पुडीत बांधून मिळतं ते बी काळपट तपकिरी, चपटं आणि मसुराच्या डाळीहूनही लहान असतं. नखानं खरवडलं तर बोटाला किंचित चिकटपणा लागतो आणि एक उग्र, तेलकट वास येतो. हा वास देणाऱ्या चिकट तेलातच बावचीचं सगळं औषध आहे आणि सगळा धोकाही तिथंच आहे. हल्ली हे बी दळून, छान डबीत भरून, 'त्वचेसाठी नैसर्गिक' अशा ओळीसकट ऑनलाइन विकलं जातं. हळद, चंदन, वाळा, मंजिष्ठा यांच्या शेजारीच ते दिसतं. त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं, हेही त्यांच्यासारखंच असणार, दुधात किंवा तेलात कालवायचं आणि लावायचं. पण बावची त्या रांगेतली नाही. ती त्वचेला उन्हासमोर हळवी करते. या एका गुणावर तिचे उपयोग उभे आहेत आणि अपघातही.

बावची हे पावसाळ्यात पडीक रानात, बांधाबांधानं उगवणारं शेंगवर्गातलं झाड. ते गुडघ्याच्या वर, कधी कमरेपर्यंत वाढतं. पानांवर बारीक काळे ठिपके असतात, फुलं निळसर जांभळी, आणि प्रत्येक इवल्या शेंगेत एकच बी. संस्कृत ग्रंथांत तिला बाकुची, सोमराजी, अवल्गुज अशी नावं आहेत. आयुर्वेदात तिचा मुख्य उपयोग श्वित्र, म्हणजे आपण ज्याला कोड किंवा पांढरे डाग म्हणतो त्यावर. खाज, जुनाट त्वचाविकार, कृमी यांवरही ती सांगितली आहे. काही घरांत शिकेकाईच्या आणि उटण्याच्या मिश्रणात मूठभर बावची पडते, आणि पांढऱ्या केसांसाठी ती तेलात उकळणारेही पुष्कळ आहेत.

ती नेमकं काय करते हे कळायला आधी कोड कळायला हवं. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या पेशींवर उलटते आणि तेवढ्या भागातला रंग जातो. हा संसर्ग नाही. स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, कपडे वापरल्यानं तो लागत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही, आणि मासे खाऊन वर दूध प्यायल्यानं तो होत नाही. हे सगळं हजारदा सांगून झालं आहे, तरी लग्न जमवताना अजून मुलीचे हात निरखले जातात, म्हणून पुन्हा सांगते.

डागातल्या रंगपेशी गेल्या तरी केसांच्या मुळांशी त्यांचा थोडा साठा बहुधा शिल्लक असतो. उपचार लागू पडायला लागला की पांढऱ्या डागात प्रत्येक केसाभोवती मोहरीएवढा तपकिरी ठिपका उमटतो. पुढं ते ठिपके पसरत एकमेकांत मिसळतात. मुळांतल्या पेशी जाग्या होऊन वर सरकत असल्याची ही खूण. ओठ आणि बोटांची टोकं इथं केसच नसतात, म्हणून तिथले डाग कुठल्याही उपचाराला सहसा दाद देत नाहीत. डागातले केसच पांढरे झाले असतील तर तिथंही आशा कमी. तुमचा डाग कुठं आहे आणि त्यातल्या केसांचा रंग काय, या दोन गोष्टी बघितल्याशिवाय जो कोणी 'तीन महिन्यांत गॅरंटी' म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका.

ऊन आणि सोरालेन

बावचीच्या बीत सोरालेन आणि आयसोसोरालेन नावाची रसायनं असतात. अंधारात ती त्वचेला जवळजवळ काहीच करत नाहीत. त्यांच्यावर अतिनील किरणांपैकी 'ए' प्रकारचे किरण पडले की मात्र ती पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतात. डीएनएचे दोन धागे उलगडल्याशिवाय पेशीला आपली नक्कल करता येत नाही. पण झिपमध्ये कापड अडकलं की ती जशी पुढं सरकत नाही, तसं सोरालेन दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. प्रमाण मोजकं असेल तर या धक्क्यानं हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी दबतात, रंगपेशींना वाढायची चालना मिळते आणि रंग परत येऊ लागतो. प्रमाण जास्त झालं तर त्वचेच्या पेशी मरतात, ती लाल होते, सुजते आणि तिच्यावर पाण्यानं भरलेले फोड येतात. दोन्ही परिणामांच्या मधली पट्टी फार अरुंद आहे.

ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होती, आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं. चरकसंहितेत कुष्ठचिकित्सेच्या अध्यायात (तिथं 'कुष्ठ' म्हणजे एकूणच त्वचारोग) श्वित्रासाठी मलपूचा, म्हणजे काळ्या उंबराचा रस गुळाबरोबर देऊन रोग्याला उन्हात बसवायला सांगितलं आहे. डागावर येणारे फोड काट्यानं फोडायचं वर्णनही पुढंच आहे. काळा उंबर अंजिराच्याच गोतातला, आणि अंजिराच्या पानांत व चिकात सोरालेन असतं. म्हणजे औषध, ऊन आणि फोड यांचं नातं तिथं स्पष्ट नोंदलेलं आहे. आणि ऊन किती घ्यायचं? 'यथाबलं', रोग्याच्या शक्तीनुसार. मात्रा ठरवायला कोणीतरी जाणकार समोर असणार, हे त्यात गृहीतच आहे. आज इंटरनेटवर या परंपरेचं नाव घेऊन चूर्ण विकलं जातं तेव्हा नेमका हा 'यथाबलं' गळून पडतो.

इजिप्तमध्येही नाईलच्या खोऱ्यात उगवणाऱ्या अम्मी मेजस या वनस्पतीचं बी देऊन कोडाच्या रुग्णांना उन्हात बसवण्याची जुनी पद्धत होती. कैरोमधले त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात त्यातलं शुद्ध सोरालेन वापरून उपचार केले. १९७४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी आणि यंत्रातून मोजून दिलेले 'ए' किरण यांची जोडी सोरायसिस या त्वचाविकारावर वापरली. तिलाच पुवा उपचार म्हणतात. आपल्याकडे ऊन भरपूर आणि यंत्रं थोडी, म्हणून इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यंत्राऐवजी सूर्यप्रकाश वापरणारी पद्धतही बरीच वर्षं राबवली, ती पुवासोल.

दवाखान्यात हा उपचार होतो तेव्हा लावायच्या द्रावणातलं सोरालेन ठरावीक टक्केवारीचं आणि पुष्कळ सौम्य असतं. ते फक्त डागावर, कडेच्या निरोगी त्वचेला न लागता लावलं जातं. किरणांची सुरुवात अगदी थोड्यापासून होते आणि त्वचा कशी वागते ते बघत वाढ केली जाते. गोळी घेतलेल्या रुग्णाला त्या दिवशी 'ए' किरण अडवणारा चष्मा घालावा लागतो, कारण सोरालेन डोळ्यातल्या भिंगापर्यंतही पोचतं. इतकं सगळं सांभाळूनही काहींची त्वचा भाजते, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या पुवामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही माहीत आहे. म्हणून आता बहुतेक ठिकाणी सोरालेनशिवाय दिले जाणारे अरुंद पट्ट्याचे 'बी' किरण, ३११ नॅनोमीटरचे, जास्त पसंत केले जातात. लहान मुलांना आणि गरोदर बाईलाही ते देता येतात.

आता याच्यासमोर घरातली डबी ठेवा. बीतलं सोरालेन झाडाच्या जातीनुसार, जमिनीनुसार, बी किती जुनं आहे त्यानुसार बदलतं. पाण्यात कालवलं तर ते कमी उतरतं, तेलात जास्त. खोबरेल तेलात आठवडाभर मुरवलेल्या बावचीत किती सोरालेन उतरलं हे सांगायचा घरगुती मार्ग नाही. ऊन सकाळचं की दुपारचं, मे महिन्यातलं की डिसेंबरातलं, त्यावर किरणांचं प्रमाण पुन्हा वेगळं. दोन्ही आकडे अंदाजे, आणि मधली पट्टी अरुंद.

भाजलेलं दुसऱ्या दिवशी का दिसतं

गरम तव्याचा चटका लगेच कळतो, सोरालेनचा कळत नाही. लावून उन्हात बसलं तर त्या वेळी फार तर थोडं उबदार वाटतं. लाली साधारण एका दिवसानं येते आणि दोन ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त होते. त्यामुळे माणूस पहिल्या दिवशी म्हणतो, काही झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी जास्त वेळ बसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी फोड दिसतात तेव्हा दोन दिवसांचा मारा होऊन गेलेला असतो.

या फोडांचा आकार बघण्यासारखा असतो. चूर्ण जिथं लागलं तिथंच ते उठतात. ओघळ मानेवर गेला असेल तर ओघळासारखी लांब पट्टी, बोटं पुसली असतील तर बोटांच्या खुणा. तेल लावून बाहेर पडलेल्याच्या कानामागं, मानेवर, कपाळाच्या कडेला अशा रेषा उमटू शकतात. फोड सुकल्यावर तिथं गडद तपकिरी डाग राहतो आणि तो जायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पांढरा डाग घालवायला निघालेल्या माणसाच्या निरोगी त्वचेवर काळा डाग पडतो. भाजण्याचा दुसराही एक त्रास आहे. कोड वाढतं आहे अशा काळात त्वचेला इजा झाली तर त्या जागी नवं कोड उमटू शकतं.

अंजिराची तोडणी करणाऱ्यांना किंवा उन्हात बसून भरपूर लिंबं पिळणाऱ्यांना हातावर असे डाग पडतात ते याच कारणानं. बावचीत मात्र हे द्रव्य पुष्कळ जास्त असतं.

आणखी एक. 'मी उन्हात गेलेच नाही, खिडकीशी बसले होते' असं ऐकू येतं. काचेतून 'बी' किरण फारसे येत नाहीत, पण 'ए' किरण बऱ्यापैकी आत येतात. ढगाळ दिवशीही येतात. बसची खिडकी, गाडीची बाजूची काच, गॅलरीला लागून ठेवलेलं कामाचं टेबल, ही सगळी उन्हाचीच जागा धरा.

शिकेकाई किंवा उटण्यातल्या चिमूटभर बावचीला एवढं घाबरायचं कारण नाही. ती काही मिनिटं लागते आणि धुतली जाते. अंगावर राहणारं तेल आणि लेप ही वेगळी बाब आहे.

बाकुचिओल म्हणजे बावचीचं चूर्ण नव्हे

गेल्या काही वर्षांत बावचीकडे नवा वर्ग वळला आहे, त्याला कोडाशी देणंघेणं नाही. त्याला सुरकुत्या कमी करायच्या आहेत. महागड्या सीरमवर 'बाकुचिओल' हा शब्द दिसतो, शोध घेतला की कळतं ते बावचीतून काढतात, आणि मग हिशोब होतो: सीरम हजार रुपयांचं, चूर्ण शंभराचं, मग चूर्णच का नको?

बाकुचिओलची कहाणी आपल्या पुण्याशी जोडलेली आहे, आणि ती इथं फार थोड्यांना माहीत आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांचे सहकारी गोवर्धन मेहता व नायक यांनी बावचीच्या बियांतून हे द्रव्य वेगळं केलं आणि १९६६ मध्ये त्याबद्दल शोधनिबंध छापला. 'बाकुची'वरून त्याला नाव दिलं. पुढं जगभरच्या सौंदर्यप्रसाधनांत ते पोचलं. ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात २०१९ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ४४ जणांवर १२ आठवडे अर्धा टक्का बाकुचिओल आणि अर्धा टक्का रेटिनॉल (सुरकुत्यांवर आधीपासून वापरात असलेलं द्रव्य) यांची तुलना झाली. सुरकुत्या आणि काळे डाग कमी होण्यात दोघांत फारसा फरक दिसला नाही, आणि रेटिनॉलवाल्यांना त्वचा सोलवटण्याचा व चुणचुणण्याचा त्रास जास्त झाला. ४४ हा आकडा लहान आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये, पण निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे.

मुद्दा असा की त्या क्रीममध्ये शुद्ध बाकुचिओल होतं. चांगल्या प्रतीच्या प्रसाधनात वापरायचं बाकुचिओल सोरालेन काढून टाकून बनवतात. चूर्णात दोन्ही एकत्र असतात. म्हणजे सुरकुत्यांसाठी चेहऱ्यावर बावचीचं चूर्ण लावणारा माणूस थोडं बाकुचिओल आणि त्याबरोबर उन्हात भाजवणारं द्रव्य, दोन्ही चेहऱ्यावर चढवतो. सीरम परवडत नसेल तर काही लावू नका, उन्हात जाताना चेहरा झाका, त्याचा सुरकुत्यांवर खात्रीचा उपयोग आहे. पण चेहऱ्यावर बावची नको. हे मी कळकळीनं सांगते.

पोटात घेण्याबद्दल

बावची पोटातही दिली जाते. आवळा आणि खैराच्या काढ्याबरोबर तिचं चूर्ण देण्याचा प्रघात जुना आहे. वैद्य ती उष्ण मानतात, आणि देण्याआधी तिचं शोधन करतात. गोमूत्रात किंवा आल्याच्या रसात ती ठरावीक दिवस भिजवून, सुकवून मग वापरतात. पुडीतलं किंवा ऑनलाइन मिळणारं चूर्ण शोधन केलेलं आहे की नाही हे बहुतेक वेळा पुड्यावर लिहिलेलंच नसतं.

इथला मोठा धोका यकृताचा. बावची घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या, कावीळ झाल्याच्या नोंदी भारतातून, कोरियातून, चीनमधून, युरोपातूनही वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. बऱ्याच जणांत हे काही आठवड्यांच्या सेवनानंतर दिसलं आणि औषध बंद केल्यावर बहुतेक जण सुधारले. कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. म्हणून वैद्यांच्या सल्ल्यानं घेत असाल तरी सुरुवातीला आणि नंतर मधूनमधून यकृताची रक्ततपासणी करून घ्या. चांगला वैद्य यावर रागावत नाही, उलट स्वतःच लिहून देतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा रोज दारू पिणाऱ्यांनी बावची घेऊ नये. ल्युपस, पॉर्फिरिया, उन्हाची ॲलर्जी, त्वचेचा कर्करोग होऊन गेलेला, यांतलं काही असेल तर लावायलाही नको. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी चालू असेल तर त्वचा आधीच उन्हाला हळवी झालेली असते. आणि मेथोट्रेक्सेट किंवा क्षयाची औषधं चालू असतील तर यकृतावर आधीच भार आहे. 'आयुर्वेदिक आहे, त्याचा काय संबंध' असं म्हणून डॉक्टरांपासून हे लपवू नका.

तुम्हाला वाटेल, इतकं असेल तर पुड्यावर इशारा असणारच. औषधांच्या नियमावलीत ई-१ नावाची एक सूची आहे. बिब्बा, धोतरा, गुंज, बचनाग, कुचला अशी विषारी मानलेली द्रव्यं त्यात आहेत, आणि ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापावंच लागतं. बावची त्या सूचीत नाही. त्यामुळे ती ओळ तुम्हाला दिसेलच असं नाही. जाहिरातींचं मात्र उलट आहे. कोड बरं करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बेकायदा आहे. तरी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि रेल्वेलगतच्या भिंतींवर 'पांढरे डाग मुळापासून' छापून आलेलं दिसतंच. तसली जाहिरात करणारा पहिल्याच पायरीवर कायदा मोडतो आहे, एवढं लक्षात ठेवा.

तो डाग कोडाचाच आहे का?

बावची शोधण्याआधीचा हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात आणि आपोआप जातात. पाठीवर, छातीवर घामाच्या दिवसांत उठणारी शिबं बुरशीची असतात, त्यांना बुरशीनाशक मलम लागतं. डागावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी तातडीनं करायला हवी. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत, आणि वेळेत घेतले तर तो पूर्ण बरा होतो.

कपाळाच्या मधोमध, टिकलीच्या नेमक्या आकाराचा पांढरा ठिपका आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या कपाळावर दिसतो. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनानं तिथल्या रंगपेशी मरतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पावलावर तसाच डाग पडतो. यात पहिला उपचार म्हणजे ती टिकली, ती चप्पल बंद करणं. ते न करता वरून बावची चोळणं म्हणजे रोज मरणाऱ्या पेशींना रोज भाजणंही.

त्वचारोगतज्ज्ञ एका खास निळसर दिव्याखाली, अंधाऱ्या खोलीत डाग बघतात. कोडाचा डाग त्यात पांढराशुभ्र चमकतो. पाच मिनिटांची तपासणी आहे. कोड निघालंच तर लावायची मलमं, 'बी' किरण, स्थिरावलेल्या डागांवर त्वचारोपण, असे बरेच मार्ग आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. आणि ज्यांना डाग तसेच ठेवून निवांत जगायचं आहे त्यांचा तो हक्कच आहे. पुण्यातली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांना एकत्र आणण्याचं काम करते.

बावची लावून झालीच असेल आणि आता काळजी वाटत असेल, तर साबण लावून कोमट पाण्यानं ती जागा नीट धुवा. तेलात कालवलेली असेल तर दोनदा धुवा. पुढचे दोन-तीन दिवस ती जागा जाड, गडद कापडानं झाका, घरातही खिडकीपासून दूर बसा. लाली आली तर स्वच्छ ओल्या कपड्याच्या गार घड्या ठेवा. बर्फ थेट लावू नका, टूथपेस्ट, चुना, हळद काही थापू नका, आणि फोड फोडू नका. फोड चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ किंवा तळहाताहून मोठ्या भागावर असतील, ताप असेल किंवा पू दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटात घेत असाल आणि भूक मेली, मळमळ सुटली, अंगाला खाज येऊ लागली, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर चूर्ण तिथंच थांबवा आणि तपासणीला जाताना डबी, पुडी, लेबल जे असेल ते सोबत न्या.